वरवंटा चालू होता

हॅलो?... हॅलो, कोण?... जरा जोरानं बोला हो, नुसती खरखर येतेय...

अगं बाई, मीनाक्षी! तू होय! मला वाटलं ह्यांच्या ऑफिसातून कोणीतरी, जहाज लागलं म्हणून... बोल, बोल. शेजाऱ्यांकडून करतेयस ना? मग त्यांना आधीच सांगून ठेव, आज फोन लवकर सुटायचा नाही म्हणावं.

हो... हो गं, अलीपूर कोर्टातलंच... काल संध्याकाळी मी काकूंकडेच होते.

थांब, थांब. आधी मला सांग, वृंदाकाकूंसाठी तू मागची खोली आवरायला काढली होतीस, ती झाली आवरून?... पलंगही टाकलास?... बरं. चांगलं केलंस... नाही गं, रडत कुठे, सर्दी झालीय... बरं बाई, रडत होते. कालपासून अधूनमधून चालूच आहे.

जिंकलं की हरलं ते आत्ता मुळीच सांगणार नाही. सांगितलं की तू ‘बरं झालं’ नाही तर ‘वाईट झालं’ म्हणशील आणि फोन ठेवशील. मधलं सगळं ऐकायला हवंस तू. अशी गोष्ट मी जन्मात पाहिली नाही, मीनाक्षी. अजून अंगावर काटा येतोय.

काय?... कोण म्हणालं?... स्मिता?... काकूंनी ऐन वेळी कच खाल्ली?

कच खाल्ली म्हणे! अगं, स्मिता होती का तिथे? ती त्या दिवशी न्यू मार्केटात पडद्याचं कापड बघत फिरत होती. तिथे मी होते. ओथ कमिशनरच्या टेबलापाशी, काकूंच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. आणि तिनं आपल्या सगळ्या मराठी मंडळात पसरवूनही दिलं? कमाल आहे बाई एकेकाची!

अहो... अहो, दूध वर आलं असेल, बघता का जरा?... काही नाही गं, हे पेपरात डोकं खुपसून बसलेत. ऐक आता.

पहिल्यापासूनच सांगते... तुला माहीत आहे, कबूल. तरी ऐक. स्मितानं काय मीठमसाला लावलाय कोणास ठाऊक.

खिदिरपूरचं ते घर सबनीसांचं, बरोबर? रघुनाथराव सबनीस, जहाजांना लागणारं सामान पुरवायचे. आणि आपले दत्तात्रयकाका त्यांच्याकडे दुकान सांभाळायला. गेल्या मोठ्या लढाईत जपान्यांनी डॉकवर बॉम्ब टाकले, तेव्हा अर्धं कलकत्ता पळालं. रघुनाथरावही बायकोमुलांना घेऊन पुण्याला गेले. मागे राहिले कोण? काका आणि काकू. घर सांभाळलं, दुकान सांभाळलं, कुलूप म्हणून लावू दिलं नाही. लढाई संपल्यावर रघुनाथराव परत आले, तर जसंच्या तसं सगळं त्यांच्या हातात दिलं.

हं, तेव्हा... तेव्हाच तो शब्द दिला त्यांनी. मंडळात कोणाला पाठ नाही तो? ‘दत्तू, वहिनी आहेत तोवर खालचा मजला त्यांचा. माझ्यामागंही त्यांना कोणी उठवायचं नाही.’ काकू तो सांगायच्या तेव्हा रघुनाथरावांचा तो जाड आवाजसुद्धा काढायच्या, आठवतं?... हो ना, हळदीकुंकवाला, गणपतीत, कुठेही. आपण हसायचो. कागद नाही, भाडं नाही, शब्द झाला आणि संपलं.

पुढे काका गेले. काकूंनी डबे सुरू केले, बँकेतली बिनलग्नाची पोरं जेवायला यायला लागली. मग दोन वर्षांमागे रघुनाथरावही गेले. आणि वरच्या मजल्यावर राहिला त्यांचा जयप्रकाश. त्याला घर विकायचंय. घेणारा म्हणतो, रिकामं पाहिजे. झालं, त्यानं काकूंना वकिलाची नोटीस पाठवली.

नाही, नाही... मीही शिव्याच दिल्या त्याला. पण तू पुढचं ऐक ना.

आपले वकील बागचीबाबू भले गृहस्थ. काकूंना त्यांनी मावशीच केलंय, म्हणाले, माशीमा, कोर्टाकडून आपण स्टे मागू. पण कोर्टाला तोंडचा शब्द दिसत नाही. तो तुमच्या शपथेवर कागदावर उतरवायला पाहिजे. अ‍ॅफिडेव्हिट करायचं. त्यांनी काकूंना बसवून सगळी हकीगत विचारली, मी मध्ये दुभाषी. काकूंनी ती नेहमीची हकीगत सांगितली, आवाजासकट. बागचीबाबूंनी ती छान कडक इंग्रजीत टाइप करून आणली. एकेका गोष्टीचा एकेक परिच्छेद, त्याला नंबर. सातवा परिच्छेद तो. शब्दाचा.

हॅलो?... हॅलो? मध्ये कोण बोलतंय?... दादा, क्रॉस कनेक्शन हॉयेछे, आपनी फोनटा राखुन... राखुन ना दादा!... अगं, ठेवा म्हटलं तरी ठेवत नाही, कोणीतरी सियालदहच्या बाजारातला माशांचा भाव सांगतोय मला. गेला वाटतं. आहेस ना तू?

तर. शेवटी काय असतं माहितेय? मलाही नव्हतं माहीत. शेवटी शपथ असते, आणि त्या शपथेत सांगावं लागतं, की अमुक अमुक परिच्छेद मला स्वतःला ठाऊक असलेले, आणि अमुक अमुक दुसऱ्याकडून कळलेले व मला खरे वाटणारे. दोन वेगळे ढीग. डाळ निवडून एकीकडे, खडे एकीकडे... नाही, खडे नव्हेत. दुसऱ्याकडून कळलेलं म्हणजे खोटं असं नाही. पण कोर्ट त्याला तेवढं वजन देत नाही.

आणि काकूंना इंग्रजी येत नाही, म्हणून तो सगळा मजकूर मी मराठीत वाचून समजवायचा, कमिशनरसमोर, आणि खाली मीही सही करायची की मी समजावला आणि यांना समजला. शाळेत पोरींना भूगोल शिकवणं निराळं.

हो, हो... ऐक ना.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते टेबल. वर एक पंखा, फिरतोय की थांबलाय कळत नव्हतं. मागे ही रांग. एक गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते. मी वाचायला लागले. पहिला परिच्छेद, मी अमुकची बायको, इथे राहते. काकू म्हणाल्या, बरोबर. दुसरा. बरोबर. बॉम्ब पडले तो परिच्छेद आला, तेव्हा म्हणाल्या, ‘बरोबर, कौलं फुटली होती तेही घाला हवं तर.’ कमिशनर हसला. मग आला सातवा. मी वाचलं, की सदर रघुनाथ सबनीस माझ्या समक्ष, मी माझ्या कानांनी ऐकत असता, असं असं म्हणाले.

आणि काकूंचं ‘बरोबर’ आलंच नाही.

मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा वाचलं. माझ्या समक्ष, माझ्या कानांनी. तर काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी त्यांना अनोळखी भाषेत काही विचारलंय. त्यांनी मला मागाहून सांगितलं. त्या म्हणाल्या, शकुन, तू ‘माझ्या कानांनी’ म्हणालीस आणि मला एकदम ओल्या नारळाचा न् कोथिंबिरीचा वास आला.

अगं, त्या चटणी वाटत होत्या! त्या दिवशी! आतल्या खोलीत, पाट्यावर. बाहेर पुरुषमाणसं बोलत बसलेली. तेव्हा आपल्यात बायका कुठे बाहेर येऊन बसायच्या? दार लोटलेलं. आणि वरवंटा चालू. मग काका आत आले, बोटानं चटणी चाखली, मीठ कमी आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, ‘अगं, रघुनाथ असं असं म्हणाला.’ तेव्हा काकूंना कळलं.

हो!... हो ना, तेच तर! आयुष्यभर त्या सांगत आल्या, ‘रघुनाथराव म्हणाले.’ आवाज काढून! आणि सांगून सांगून त्यांनाच वाटायला लागलं होतं की आपण ऐकलंय. खोटं बोलत नव्हत्या बिचाऱ्या. आपल्या घरात नवऱ्यानं आत येऊन सांगितलं म्हणजे ते ऐकल्यासारखंच की नाही? आपण तरी काय वेगळं करतो? मीच काल तुझ्या वहिनीला सांगत होते, मीनाक्षी म्हणाली म्हणून, आणि ते मला सांगितलं होतं ह्यांनी...

आणि तिथे त्या पंख्याखाली, शपथेच्या तोंडावर, त्यांना ते लख्ख दिसलं. म्हणाल्या, ‘हे मी ऐकलेलं नाही, ह्यांनी आत येऊन सांगितलं. वरवंटा चालू होता.’

अगं, तसं मी म्हणाले ना! मी हळूच म्हटलं, काकू, काकांनी सांगितलं म्हणजे झालंच की, करा सही. मागचा तो घड्याळवाला पण म्हणाला, करून टाका माशीमा, कोण बघतंय?

काकू वळल्या. अगदी शांतपणे त्याला म्हणाल्या, मोडक्या हिंदीत, ‘मी बघतेय ना.’

नाही, रागानं नाही. सांगितलं नुसतं.

बागचीबाबू धावत आले. काय झालं? मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला! म्हणाले, ‘माशीमा, सातवा गेला की केस गेली. तुमचं छप्पर जाईल. कळतंय ना तुम्हाला?’ मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर काकू म्हणाल्या, ‘छप्पर कळलं मला, तेवढं बंगाली येतं.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘यांना सांग, रघुनाथराव असं म्हणाले हे खरं आहे. आमच्या ह्यांनी मला सांगितलं म्हणजे खरंच असणार. पण शपथ माझी आहे. माझ्या कानांनी ऐकलं असं मी म्हणणार नाही.’

पदराचं टोक मुठीत धरलं होतं गं त्यांनी. त्या काही संतबिंत नाहीत, भीती वाटत होती त्यांना. म्हणाल्या मला नंतर, डोळ्यांसमोर तुझ्या बेहालाच्या घरातली ती मागची खोलीच दिसत होती. मीनाक्षी प्रेमानं ठेवील, पण तिच्या घरात माझे डबे कुठे शिजणार, म्हणत होत्या... तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला आवडतात त्या. पण स्वतःचं चूलपाणी ते स्वतःचं.

आता सांग मला, ही कच खाल्ली?

...नाही ना? मग. स्मिताला सांग.

अगं बाई, गेले दिवे... सकाळी सकाळी लोडशेडिंग! पंखा बंद. जाऊ दे, फोन चालू आहे ना, तेवढं पुरे.

हां. तर बागचीबाबू चिडून बाहेर झाडाखाली जाऊन बसले. टायपिस्ट बसतात ना, त्या बाकावर. चहा मागवला. आम्हालाही मागवला. मातीच्या भांड्यातला चहा घेऊन आम्ही दोघी अपराध्यासारख्या उभ्या. मग कोणास ठाऊक त्यांच्या मनात काय आलं, ते म्हणाले, ‘बरं माशीमा. रघुनाथबाबू जे म्हणाले ते तुम्ही ऐकलं नाही. मग त्यांच्या तोंडून तुम्ही स्वतः काय ऐकलंत? काहीही. सांगा.’

काकू विचारात पडल्या. म्हणाल्या, ‘माझ्याशी ते थोडंच बोलत. दारात उभं राहून विचारायचे फक्त.’

काय विचारायचे?

‘हेच. भिंतीला खिळा ठोकू का, वगैरे.’

बागचीबाबूंनी चहा खाली ठेवला.

ऐक, ऐक! शब्द दिला त्यानंतर थोड्या दिवसांनी रघुनाथराव एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन खाली आले. काकूंना भेट म्हणून. बरोबर छोटा जयप्रकाश, जयू, हातात हातोडी घेऊन. आणि रघुनाथराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या भिंतीला एक खिळा ठोकला तर चालेल का?’ काकूंना हसूच आलं. घर त्यांचं, भिंत त्यांची, आणि विचारतायत आपल्याला! म्हणाल्या, ‘ठोका की.’ जयूनं हट्ट करून खिळा धरला आणि हातोडी बसली अंगठ्यावर. मग रडारड. काकूंनी त्याचा अंगठा माठातल्या पाण्यात बुडवून धरला न् बेसनाचा लाडू दिला.

मग पुढे चुना लावायचा तर विचारणार. नळ ओढायचा तर विचारणार. आणि एकदा तर, ऐक हं, जहाजाच्या सामानाची खोकी खालच्या पडवीत ठेवू का म्हणाले, तर काकू म्हणाल्या, नको, माझे पापड वाळतायत. आणि मालक मुकाट्यानं खोकी घेऊन गेला!

हो!... पापडांसाठी!... अगं, हसतेस काय? बागचीबाबू ताडकन उठून उभे राहिले. म्हणाले, ‘माशीमा, मालकच तुमची परवानगी मागत होता, हे आधी का नाही सांगितलंत?’ काकू म्हणाल्या, ‘यात सांगण्यासारखं काय आहे? मी तुम्हाला महत्त्वाचं तेवढं सांगितलं.’

तिथेच टायपिस्टला हाताशी धरून त्यांनी सगळं नव्यानं केलं. सातव्यात काकूंनी सांगितलं तसंच घातलं, की हे मला माझ्या यजमानांकडून कळलं, मी वरवंट्यानं चटणी वाटत होते म्हणून स्वतः ऐकलं नाही. वरवंटा! इंग्रजीत! आणि नववा परिच्छेद खिळ्याचा. तो मात्र कानांनी ऐकलेला. मी पुन्हा वाचला कमिशनरसमोर. या वेळी काकूंनी प्रत्येक वाक्य असं ऐकलं, जसं पहिल्यांदाच कोणी त्यांचं आयुष्य त्यांना सांगतंय. आणि सही केली. वृंदा दत्तात्रय टेंबे, मराठीत, सावकाश, एकेक अक्षर.

मी इतकी अ‍ॅफिडेव्हिटं ऐकून होते, मला वाटायचं कोर्टात कागद म्हणजे सगळी बनवाबनवी. माणूस सरळ असतो, कागद त्याला वाकडा करतो. आणि इथे उलटंच. तो कागद मध्ये नसता ना, तर काकूंना कधी कळलंच नसतं की आपण काय ऐकलं आणि काय नाही.

नाही गं, जिंकलो कुठे लगेच! बागचीबाबू म्हणाले, चांगलं झालंय, पण सातवा लंगडा आहे. आता समोरचा उत्तर देणार. जयप्रकाशलाही शपथेवरच लिहावं लागणार, आपल्या एकेका परिच्छेदाला, कबूल की नाकबूल. तो नववाही नाकबूल करणार, कोण साक्षीदार आहे? दोघंही म्हातारे वर गेले.

अहो, ऐकलं, ऐकलं. चहा करते म्हटलं ना! दिवे नाहीत तर चहाला काय झालं, आणि मी काय विजेवर करते का चहा?... यांचं एक आहे बघ.

मग काल. काल दुपारी बागचीबाबूंचा माणूस आला, उत्तर आलंय, माशीमांना वाचून दाखवा म्हणून. मी तशीच ट्रामनं खिदिरपूरला. काकू स्टोव्हवर रात्रीच्या डब्याचं वरण करत होत्या. स्टोव्ह भर्र चाललेला. त्यांनी बसायला पाट दिला, म्हणाल्या, वाच, मी ढवळता ढवळता ऐकते.

मी वाचायला लागले. पहिला परिच्छेद, नाकबूल. दुसरा, नाकबूल. बॉम्ब पडले ते मला ठाऊक नाही, मी तान्हा होतो, तेव्हा नाकबूल. काकू आपल्या डाव फिरवतायत. सातवा, संपूर्णपणे नाकबूल, ऐकीव गोष्ट. काकू म्हणाल्या, ‘बरोबरच आहे, ऐकीवच आहे.’ आठवा नाकबूल.

नववा...

थांब, श्वास घेऊ दे मला.

नवव्याला टाइप केलेलं होतं नाकबूलच. पण ते शाईनं खोडलेलं. आडवी रेघ, शेजारी त्याची लहान सही. आणि समासात हातानं लिहिलेलं, त्याच्या अक्षरात. ‘परिच्छेद नऊ कबूल. मी हजर होतो. खिळा मी धरला होता.’

...हो.

...हो गं, त्यानंच.

बागचीबाबूंनी रात्री फोनवर सांगितलं, त्यांना त्याच्या वकिलाकडून कळलं, म्हणजे हे मी ऐकीव सांगतेय हं. तो म्हणे कमिशनरसमोर बसला. वकील घाई करत होता, सही करा, सही करा. यानं वाचत वाचत नववा गाठला आणि अंगठा चाचपत बसला. वकील म्हणाला, काय झालं? तर म्हणाला, ‘हे नाकबूल कसं करू? मला अजून पाण्याचा गारवा आठवतो.’ आणि वकिलाचंच पेन घेऊन खोडलं. वकील कपाळाला हात लावून बसला! बागचीबाबू मला म्हणाले, कोर्टात आयुष्य गेलं, आपल्याच विरुद्ध एवढं स्वच्छ कोणी लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता तूही रडतेयस... रड, रड. पण संपलं नाही अजून.

मी वाचून थांबले. काकूंचा डाव थांबला होता. वरण करपायला आलं. आणि दारात पाहिलं तर तो उभा.

जयप्रकाश! वरून उतरून आलेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. आत आला नाही, जिथे त्याचे वडील उभे राहायचे तिथेच. एवढा उंच माणूस, खाली मान घालून. तुला ठाऊक आहे त्याचं मराठी, इथेच जन्मलेला, बंगाली शाळेत गेलेला. म्हणाला, ‘काकू, मी नोटीस मागे घेतो. घर नाही विकणार. तुम्ही म्हणेल तसा कागद करून देतो, स्टॅम्पवर, शपथवर, जसा पायजे तसा.’

मला वाटलं काकू रडतील. मला वाटलं ‘ये बाळ’ म्हणतील. तर त्या म्हणाल्या, ‘कागद कर. बागचीबाबू सांगतील तसा कर, कोर्टाला लागतो. पण आधी तोंडानं म्हण.’

त्याला कळेना. म्हणाला, काय म्हणू?

काकू म्हणाल्या, ‘तुझ्या वडिलांनी शब्द दिला. माझ्यासाठी दिला. सगळं आयुष्य त्या शब्दावर काढलं मी, आणि तो मी ऐकलाच नाही रे. वरवंटा चालू होता.’

आणि मग, मीनाक्षी, त्यांनी हात पुढे केला आणि स्टोव्हची हवा सोडली. तो भर्र आवाज आहे ना, तो बंद झाला. घर एकदम शांत. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, तेच घड्याळ, त्याच खिळ्यावरचं. काकू पदर सारखा करून त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हं. आता म्हण.’

मी भिंतीला टेकून उभी.

तो म्हणाला... अडखळत... ‘काकू, तुम्ही आहे तोपर्यंत हा खालचा घर तुमचा. तुम्हाला कोणी उठवणार नाही. मी पण नाही.’

काकूंनी डोळे मिटले. मग उघडले, आणि म्हणाल्या, ‘ऐकलं. जयू, आता मी शपथेवर सांगू शकेन.’

...

मीनाक्षी?... ऐकलंस ना?... हॅलो?... अगं, शेवटचं ऐकलंस का?... हॅलो! हॅलो!...

अहो, लाईन गेली... नाही, चहा नंतर, आधी पुन्हा लावते. कुठवर ऐकलं असेल तिनं देव जाणे. हे तिनं स्मिताकडून ऐकता कामा नये.